सेफॅलेक्सिन ५००: एका चिठ्ठीवर दोनदा, दुसरीवर चारदा. बरोबर कोणती?

विजापूर_वेस (प्रश्न)

औषध दुकानाच्या काउंटरवर एकाच अँटिबायोटिकच्या दोन तऱ्हेच्या चिठ्ठ्या येतात. एकीवर सेफॅलेक्सिन ५००, १-०-१, दहा दिवस, घशासाठी. दुसरीवर तीच कॅप्सूल, १-१-१-१, पाच दिवस, पायाच्या सेल्युलायटिससाठी (कातडीखालचा जंतुसंसर्ग). दोन्ही पेशंट साठ-पासष्ट किलोचे, किडनी ठीक. पुस्तकात अर्धायुष्य, म्हणजे रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ, जेमतेम एक तास दिलं आहे. मग बारा तासांनी पुढची कॅप्सूल घेईपर्यंत मध्ये बारा अर्धायुष्यं उलटली, रक्तात उरणार काय? दोनदावाली चिठ्ठी चुकीची, की चारदावाली उगाच त्रासाची?

याच्याच जोडीला:
१. जेवणाआधी की नंतर? दोन्ही सांगणारे भेटतात.
२. पेनिसिलिनच्या घराण्यातल्या अमॉक्सिसिलिनने अंगावर गांधी उठलेल्या माणसाला हे चालतं का?
३. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर काही बघावं लागतं का?
४. हे जुनं औषध आहे, त्यापेक्षा सेफिक्झिम 'जोरदार' म्हणून बदलून मागणारे बरेच आहेत. त्यांना काय सांगायचं?

---

अर्धायुष्य

दोन्ही चिठ्ठ्या बरोबर आहेत. घसा आणि पाय यांतले जंतू वेगळे, म्हणून हिशोब वेगळा.

पेनिसिलिन काय किंवा सेफॅलोस्पोरिन (सेफॅलेक्सिन त्यातलंच) काय, या घराण्याचं मारणं वेळेवर चालतं. औषधाची पातळी एमआयसीच्या, म्हणजे त्या जंतूची वाढ थांबवायला लागणाऱ्या किमान प्रमाणाच्या, वर किती वेळ राहिली हे मोजायचं. पातळी एमआयसीच्या चौपट झाली काय आणि वीसपट झाली काय, मारण्याचा वेग फारसा वाढत नाही. पूर किती उंच आला याला किंमत नाही, पिकं किती तास पाण्याखाली राहिली याला आहे. सेफॅलोस्पोरिनसाठी दोन डोसांमधल्या वेळेचा साधारण ४० ते ५० टक्के भाग पातळी एमआयसीच्या वर असावी असं धरतात. स्टॅफिलोकॉकसला थोडा कमीही पुरतो.

आता आकडे. ५०० मिग्रॅ उपाशीपोटी घेतल्यावर तासाभरात रक्तातली पातळी मिलीला सुमारे १८ मायक्रोग्रॅम होते. २५० ला ९, एक ग्रॅमला ३२ च्या आसपास. प्रथिनांना चिकटून राहणारा भाग फक्त १० ते १५ टक्के, म्हणजे १८ पैकी जवळजवळ १६ मोकळं, कामाचं. पुढे दर तासाला निम्मं: दुसऱ्या तासाला ८, तिसऱ्याला ४, चौथ्याला २, पाचव्याला १, सहाव्याला अर्धा.

घशातला स्ट्रेप्टोकॉकस पायोजिनस या औषधाला फार नाजूक. त्याची एमआयसी अर्धा ते एक धरा. पातळी पाच-सहा तास त्याच्या वर राहते. बारातले पाच-सहा म्हणजे ४० ते ५० टक्के. झालं, १-०-१ पुरलं. इथे दिवसातून चारदा देऊन जास्त काही मिळत नाही. दिवस मात्र दहाच लागतात, कारण ताप उतरवणं एवढाच उद्देश नसतो, घशातून तो जंतू हद्दपार करायचा असतो. संधिवाताचा ताप आणि पुढे हृदयाच्या झडपा बिघडणं टाळायचं ते याने.

पायाच्या सेल्युलायटिसमध्ये स्ट्रेप असतोच, पण स्टॅफिलोकॉकस ऑरियसही धरावा लागतो, विशेषतः पू असेल तर. त्याची एमआयसी सहज ४ असू शकते. वरच्या उतरंडीत पातळी ४ च्या वर जेमतेम पावणेतीन तास राहते. सहा तासांत पावणेतीन म्हणजे सुमारे ४६ टक्के. आठ तासांत ३४. बारा तासांत २३. आता बघा कोणती चिठ्ठी कुठे बसते. स्टॅफला ५०० दिवसातून दोनदा दिलं की 'औषध लागू पडलं नाही' अशी तक्रार येते, आणि दोष औषधाच्या जुनेपणावर जातो.

लघवीचं गणित आणखी वेगळं. यकृत या औषधाला हातही लावत नाही. नव्वद टक्क्यांहून जास्त भाग आठ तासांत जसाच्या तसा मूत्रात उतरतो. त्यामुळे ५०० च्या एका डोसनंतर लघवीतली पातळी मिलीला २,००० मायक्रोग्रॅमच्या पुढे जाते. रक्तातल्या १८ शी तुलना करा. म्हणून साध्या मूत्राशयाच्या जंतुसंसर्गाला बारा तासांनी भागतं. साध्या म्हणजे साध्याच. ताप, थंडी, कमरेत कळ असेल तर तो रक्तातल्या पातळीचा प्रश्न होतो, आणि पुरुषांत प्रोस्टेट आलं की हे औषध तिथे नीट पोचत नाही. मेंदूच्या आवरणातही पोचत नाही. मेनिंजायटिसला याचा विचारच नको.

---

विजापूर_वेस

उलगडलं, सर. मग स्टॅफसाठी एक-एक ग्रॅम दोनदा दिलं तर? पेशंटला दोनदा घेणं सोपं पडतं.

---

अर्धायुष्य

नेमकं इथेच गणित फसवतं. डोस दुप्पट केला की पातळी दुप्पट होते, पण त्या जास्तीच्या पातळीने वेळ वाढतो फक्त एका अर्धायुष्याएवढा, म्हणजे एक तास. एक ग्रॅमने ४ च्या वर पावणेतीनऐवजी पावणेचार तास मिळतात. बारातले पावणेचार म्हणजे ३१ टक्के. तोच रोजचा दोन ग्रॅमचा माल चार भागांत दिला तर ४६ टक्के. माल तेवढाच, वाटणी वेगळी. एक ग्रॅम दर आठ तासांनी दिलं तर पुन्हा ४६-४७ टक्के येतात. तिथे रोजचे तीन ग्रॅम होतात आणि पोट जास्त बिघडतं. मोठ्यांची रोजची कमाल ४ ग्रॅम.

अर्धायुष्य वाढवण्याची जुनी युक्ती प्रोबेनेसिडची. ते मूत्रनलिकेतून होणारं स्रवण अडवतं, पातळी वर राहते. आता सहसा कोणी लिहीत नाही.

दोनदाच हवं असेल तर धाकट्या भावाकडे, सेफॅड्रॉक्सिलकडे बघा. जंतूंची यादी जवळपास तीच, पण अर्धायुष्य दीड तासाच्या आसपास आणि बाहेर पडणं सावकाश. म्हणून ते मुळातच ५०० मिग्रॅ ते १ ग्रॅम दिवसातून दोनदा लिहितात. सेफॅलेक्सिनच्याच ३७५ आणि ७५० च्या सावकाश सुटणाऱ्या गोळ्याही बाजारात मिळतात. त्या मोडून किंवा चावून घेतल्या की सगळा माल एकदम सुटतो आणि साध्या गोळीत नि तिच्यात फरक उरत नाही. त्यामुळे 'मोठी आहे, अर्धी करून देऊ का' असं कोणी विचारलं तर नाही सांगा.

---

काउंटरवरून

हिशोब झकास आहे, पण १-१-१-१ ची खरी वाट घरात लागते. लोक ती सकाळी ८, दुपारी १, संध्याकाळी ६ आणि जेवून रात्री ९ ला घेतात. चार कॅप्सूल झाल्या, हिशोब चुकता! मग रात्री ९ पासून सकाळी ८ पर्यंत अकरा तास रिकामे. वरच्या सरांचं गणित लावा, त्यातले आठ तास जंतूला मोकळं रान.

पाकिटावर 'दिवसातून ४ वेळा' लिहू नका, घड्याळाच्या वेळा लिहा. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर आठ ते आठ पाळी करणारा माणूस असेल तर सकाळी ६, दुपारी १२, संध्याकाळी ६, रात्री १२. दुपारची डब्याच्या सुट्टीत, संध्याकाळची चहाला. रात्री १२ ला जागं राहणं जमत नसेल तर ११ आणि सकाळी ६. सर्वात मोठी फट सात तासांच्या वर जाऊ देऊ नका. पूर्व भागात तेलुगू बोलणारी आणि अक्कलकोटकडून येणारी कन्नड बोलणारी गिऱ्हाइकं आपल्याकडे रोजची. तिथे 'सकाळ-दुपार-संध्याकाळ-रात्र' समजावण्यापेक्षा पाकिटावर घड्याळाचं चित्र काढून काटे दाखवलेले बरे. एक राहिली तर आठवेल तेव्हा घ्यायची. पुढचीची वेळ आलीच असेल तर राहिलेली सोडून द्यायची. दोन एकदम घ्यायच्या नाहीत.

जेवणाचं: दोन्ही चालतं. भाकरी पोटात असली की औषध उशिरा शोषलं जातं आणि वरची पातळी थोडी खाली राहते, पण एकूण शोषलेला माल तेवढाच. मळमळत असेल तर खाऊन घ्या म्हणावं. 'उपाशीपोटीच' हा हट्ट धरला की ती दुपारची कॅप्सूल हमखास बुडते. उलट सेफ्युरॉक्झिम आणि सेफपोडॉक्झिमच्या गोळ्या जेवणासोबतच घ्यायच्या, तिथे अन्नाने शोषण वाढतं. दोघांचा घोळ होतो तो नावं सारखी म्हणून.

झिंकचं मात्र कोणी सांगत नाही. झिंकने सेफॅलेक्सिनचं शोषण कमी होतं. आतड्यातून ज्या वाहकावर बसून हे औषध आत जातं, त्यालाच झिंक आडवं येतं. आता बघा काय होतं: पोराला सेफॅलेक्सिनने पातळ शी होते, मग ओआरएससोबत चौदा दिवसांचं झिंक सिरप सुरू होतं, आणि दोन्ही बाटल्या एकाच वेळी उघडतात. आधी सेफॅलेक्सिन आणि झिंक त्यानंतर तीन तासांनी, असं सांगा. मोठ्यांच्या मल्टिव्हिटॅमिन गोळीतही झिंक असतं, ती रात्रीच्या एका कोपऱ्यात ढकलायची.

---

होटगी_रोड

माझ्या मते पेनिसिलिनची अॅलर्जी असली की सेफॅलोस्पोरिन बंदच. दहा टक्के लोकांना दोन्ही बाधतं असं शिकवलं जातं. विषय संपला.

---

त्वचा_ओपीडी

दहा टक्क्यांचा आकडा जुना आहे. सुरुवातीच्या काळातल्या सेफॅलोस्पोरिनच्या मालात पेनिसिलिनचे अंश राहून जात, आणि ज्यांना 'अॅलर्जी' लिहिली होती त्यांतल्या अनेकांना ती मुळात नव्हती. आज पेनिसिलिनची खात्रीशीर अॅलर्जी असलेल्यांत सरसकट सेफॅलोस्पोरिनचा धोका दोन टक्क्यांच्या आसपास धरतात.

पण, आणि हा पण मोठा आहे, सेफॅलेक्सिनच्या बाबतीत तेवढ्यावर निश्चिंत होऊ नका. अॅलर्जी बहुतेक वेळा औषधाच्या रेणूतल्या मधल्या वलयाला नसते, बाजूला लटकणाऱ्या साखळीला असते. सेफॅलेक्सिनची बाजूची साखळी अॅम्पिसिलिनची हुबेहूब, फिनाइलग्लायसिन. सेफॅक्लोरचीही तीच. सेफॅड्रॉक्सिलची साखळी अमॉक्सिसिलिनची, त्यात एक हायड्रॉक्सिल जास्त. अमॉक्सिसिलिन आणि अॅम्पिसिलिनमध्ये फरक तेवढाच असल्यामुळे हे पाचही जण एकमेकांचे सख्खे नातेवाईक समजा. धोका इथे दोन टक्क्यांपेक्षा बराच जास्त आहे.

म्हणून प्रश्न असा विचारा: कोणत्या गोळीने, किती वेळात, काय झालं? अमॉक्सिसिलिन घेतल्यावर तासाभरात गांधी, ओठ-पापण्या सुजणं, धाप, चक्कर असं काही असेल तर सेफॅलेक्सिन आणि सेफॅड्रॉक्सिल दोन्ही नकोत, चिठ्ठी डॉक्टरांकडे परत. तुमच्या प्रश्नातला गांधी उठलेला माणूस याच खणात जातो. कातडी सोलून निघणं, तोंडात फोड, असं झालं असेल तर वर्षं कितीही उलटलेली असोत, नको म्हणजे नको. लहानपणी पाचव्या-सहाव्या दिवशी अंगावर फक्त लालसर पुरळ आलं होतं, खाज नव्हती, असं सांगितलं तर ती बहुधा विषाणूच्या तापातली पुरळ असते. तरी तो निर्णय लिहिणाऱ्याचा, काउंटरचा नाही. आणि अॅलर्जी तपासायला 'एक कॅप्सूल खाऊन बघा' हा प्रयोग दुकानात करू नये.

गंमत म्हणजे सेफॅलेक्सिनचा सांगाडा कारखान्यात पेनिसिलिनपासूनच बनतो. पेनिसिलिनचं पाच अणूंचं वलय रुंदावून सहाचं करतात. पण त्याने त्यात पेनिसिलिन 'उरत' नाही, त्यामुळे हा मुद्दा अॅलर्जीसाठी वापरू नका.

आमच्या बाजूचं एक सांगते. गळवाला चिरा देऊन पू काढणं हा उपचार आहे, सेफॅलेक्सिन हा जोड आहे. पू आत ठेवून कॅप्सूल वाढवत नेल्या की दहाव्या दिवशीही ठणका तोच असतो. साध्या सेल्युलायटिसला पाच दिवस पुरतात, सुधारणा नसेल तर वाढवतात. लाली पहिल्या दिवशी थोडी पसरलेली दिसू शकते. पेनने कडा आखून ठेवा. ४८ तासांनी रेषेच्या बाहेर असेल किंवा ताप असेल तर पुन्हा दाखवायचं. मधुमेही पायाची जखम, दुर्गंधी, काळी पडलेली कातडी यांना हे औषध एकट्याने पुरणारं नाही.

---

पेट्रीडिश

सेफिक्झिमच्या मागणीबद्दल. 'पिढी' या शब्दाने फार घोटाळा केलाय. तिसरी पिढी (सेफिक्झिम) म्हणजे पहिलीपेक्षा (सेफॅलेक्सिन) जोरदार, असा मोबाईलसारखा अर्थ लोक घेतात. पिढी बदलत गेली तशी ग्राम-निगेटिव्ह (ई. कोलायसारख्या) जंतूंवरची पकड वाढली आणि तोंडाने घ्यायच्या औषधांत स्टॅफवरची सैल झाली. सेफिक्झिमची स्टॅफवर काहीच मात्रा चालत नाही म्हटलं तरी चालेल. केसतुडीला, पिकलेल्या जखमेला सेफिक्झिम देणं म्हणजे कुलूप एक आणि किल्ली दुसरीच. तिथे सेफॅलेक्सिनच वरचढ. टायफॉइडला उलट, सेफॅलेक्सिनचा तिथे उपयोग नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीतही सेफॅलेक्सिन पहिल्या, सहज वापरायच्या गटात आहे आणि सेफिक्झिम जपून वापरायच्या गटात.

सेफॅलेक्सिन कुठे चालत नाही: एमआरएसए (मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफ ऑरियस), एन्टरोकॉकस, स्यूडोमोनास, लिस्टेरिया, बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस, एन्टरोबॅक्टर. हिमोफिलसवर फारच लंगडं, म्हणून सायनस आणि कानासाठी पहिली पसंती नसते. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिकाच नाही, तिथे या घराण्यातलं कुणीच काही करू शकत नाही.

रिपोर्ट वाचताना दोन ठिकाणी लोक अडकतात. पहिलं, पुवाच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) स्टॅफ ऑरियस आलाय आणि यादीत 'सेफॅलेक्सिन' हे नावच नाही. शोधू नका, सेफॉक्सिटिन बघा. ती औषधाची चकती एमआरएसए ओळखण्यासाठी लावतात. तिचं वलय, म्हणजे भोवतीचा जंतू न वाढलेला गोल, २२ मिमी किंवा जास्त असेल तर जंतू मेथिसिलिनला संवेदनशील, सेफॅलेक्सिन चालेल. २१ किंवा कमी असेल तर एमआरएसए, मग सेफॅलेक्सिन-सेफिक्झिम दोन्ही विसरा. सेफॉक्सिटिन 'एस' (संवेदनशील) आलं म्हणून पेशंटला सेफॉक्सिटिन द्यायचं नसतं, ती नुसती मोजपट्टी आहे.

दुसरं, लघवीचा कल्चर. तिथे सेफॅझोलिन हे इंजेक्शनचं औषध तोंडी सेफॅलोस्पोरिनच्या वतीने बसवलेलं असतं. ई. कोलाय, क्लेब्सिएला न्यूमोनिए आणि प्रोटिअस मिराबिलिस यांत साध्या मूत्रमार्ग-संसर्गासाठी एमआयसी १६ पर्यंत संवेदनशील मानतात. रक्तातल्या किंवा इतर संसर्गाला हीच रेघ २ वर असते. एवढी तफावत का, ते वरच्या २,००० च्या आकड्यात आहे. रिपोर्टवर 'ईएसबीएल' (सेफॅलोस्पोरिन फोडणारं जंतूचं एंझाइम) लिहिलं असेल तर मात्र सेफॅलेक्सिनचं वलय कितीही देखणं दिसो, देऊ नये. आपल्याकडे ई. कोलायमध्ये ईएसबीएल इतकं पसरलंय की कल्चरशिवाय लघवीच्या संसर्गाला सेफॅलेक्सिन सुरू करणं हा जुगारच.

कल्चरचा नमुना कॅप्सूल सुरू होण्याआधीचा हवा. दोन डोस पोटात गेल्यावर आलेल्या लघवीत ई. कोलाय कधीकधी लांबच लांब धाग्यासारखे दिसतात. सेफॅलेक्सिन जंतूच्या पीबीपी-३ या प्रथिनाला धरतं. पेशी वाढत राहते, पण मधली भिंत घालून दोन होऊ शकत नाही. नवख्याला ती बुरशी वाटते, आणि रिपोर्टवर 'वाढ नाही' येतं.

---

काउंटरवरून

ड्राय सिरपबद्दल कोणी विचारलं नाही, पण सर्वात जास्त चुका तिथेच.

पाणी उकळून पूर्ण गार केलेलं. कोमट नाही, गार. गरम पाण्याने पावडरचे गोळे होतात आणि औषधही खराब होतं. बाटली आधी तळहातावर आपटून पावडर सुटी करायची. खुणेच्या निम्म्यापर्यंत पाणी, जोरात हलवा, मग खुणेपर्यंत भरा, परत हलवा. एकदम खुणेपर्यंत ओतलं तर पावडर भिजून बसते आणि पातळी खाली जाते. हलवल्या हलवल्या फेसावर खूण बघितली तर पाणी कमी पडतं. दोन्हीकडे मिलीमागे औषधाचं प्रमाण चुकतं. बनवल्याची तारीख बाटलीवर लिहा. कंपनीने छापलेली मुदत पाळा. बऱ्याच बाटल्यांवर सात दिवस असते. फ्रिजमध्ये ठेवा, पण फ्रीझरमध्ये नाही. मे महिन्यात सोलापुरात पारा ४२-४३ वर जातो तेव्हा पत्र्याच्या खोलीतली बाटली सात दिवस टिकेल असं समजू नका. फ्रिज नसेल तर डॉक्टरांना विचारून वेगळं काही बघावं.

आता बाटल्यांचं गणित, हे कोणी करत नाही. १५ किलोचं पोर, कातडीचा संसर्ग, रोज किलोमागे ४० मिग्रॅ लिहिलंय. म्हणजे दिवसाला ६००, चार वाटण्या, प्रत्येकी १५०. '१२५ प्रति ५ मिली' असेल तर एका वेळी ६ मिली, दिवसाला २४. तीस मिलीची बाटली सव्वा दिवसात संपली! सात दिवसांना १६८ मिली, म्हणजे सहा बाटल्या. '२५० प्रति ५' घेतलं तर एका वेळी ३ मिली, तीन बाटल्यांत काम. पालक एक बाटली नेतात, ती संपली की 'कोर्स झाला'. घशाला किलोमागे २० मिग्रॅ दिवसातून दोनदा: याच पोराला ३०० मिग्रॅ, '२५०' वाल्याचे ६ मिली, दहा दिवसांना १२० मिली, चार बाटल्या. सगळ्या एकदम पाणी घालून ठेवू नका, एक संपत आली की पुढची. आणि माप टोपणाचं किंवा सिरिंजचं. घरातला चमचा कुठला पाचचा, कुठला साडेतीनचा.

कायद्याचं जाता जाता: सेफॅलेक्सिन शेड्यूल एचमध्ये, चिठ्ठी हवीच. सेफिक्झिम आणि तिसऱ्या पिढीतले बाकीचे १ मार्च २०१४ पासून एच-१ मध्ये. त्यांची वेगळ्या रजिस्टरात डॉक्टर, पेशंट, औषध, संख्या अशी नोंद आणि ती तीन वर्षं जपायची. 'जोरदार द्या' म्हणणाऱ्याला हे रजिस्टर दाखवलं की निम्मे गप्प बसतात.

---

अर्धायुष्य

मेटफॉर्मिनचं राहिलं. दोघंही मूत्रनलिकेतून बाहेर पडतात आणि एकाच दारात गर्दी करतात. निरोगी माणसांत दोन्ही एकेक डोस सोबत दिल्यावर मेटफॉर्मिनची वरची पातळी सरासरी ३४ टक्के आणि एकूण मात्रा २४ टक्के वाढलेली आढळली. किडनी धड असेल तर पाच दिवसांसाठी घाबरण्यासारखं नाही. मळमळ वाढली किंवा खाणं सुटलं तर कळवायला सांगा. किडनी कमजोर असेल तर डॉक्टरांना फोन करा, कारण तिथे दोन्ही औषधं साचतात. रक्त पातळ ठेवणारं वॉर्फरिन चालू असेल तर आयएनआर (रक्त गोठण्याचं मोजमाप) मध्येच एकदा बघावा.

मधुमेह्यांसाठी आणखी एक: बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणाने लघवीतली साखर बघणारे अजून आहेत. सेफॅलेक्सिन चालू असताना ते खोटं 'पॉझिटिव्ह' दाखवतं. एंझाइमच्या पट्टीवर हा परिणाम होत नाही.

किडनीसाठी क्रिएटिनिन नुसतं बघू नका, क्लिअरन्स (किडनी मिनिटाला किती मिली रक्त साफ करते) काढा. १४० मधून वय वजा करा, वजनाने गुणा, ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागा, बाईमाणसाला ०.८५ ने गुणा. ६८ वर्षांचे आजोबा, ५४ किलो, क्रिएटिनिन २.२: ७२ × ५४ = ३,८८८, भागिले १५८.४, साधारण २४.५. तीस ते एकोणसाठला वेळा बदलाव्या लागत नाहीत, पण दिवसाला एक ग्रॅमच्या वर नको. पंधरा ते एकोणतीसला २५० मिग्रॅ आठ किंवा बारा तासांनी; हे आजोबा इथे. पाच ते चौदाला, डायलिसिस नसेल तर, २५० दिवसातून एकदा. यांना ५०० चारदा चालू ठेवलं तर औषध साचून गोंधळल्यासारखं वागणं, झटके येऊ शकतात. घरचे ते वयाच्या खाती टाकतात.

---

विजापूर_वेस

सगळ्यांचे आभार. शेवटचं: कॅप्सूल सुरू असताना पातळ शी झाली तर लगेच बंद करायची का?

---

त्वचा_ओपीडी

दिवसातून दोन-तीनदा सैल होणं नेहमीचं, खाऊन घ्या आणि पाणी भरपूर. पाण्यासारखी वारंवार शी, रक्त किंवा आव, पोटात पिळवटून ताप, यातलं काही असेल तर कॅप्सूल थांबवून त्याच दिवशी दाखवायचं. क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिलची शंका असते, आणि ती कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनीही उद्भवू शकते. म्हणून 'मागच्या महिन्यात अँटिबायोटिक घेतलं होतं का' हे विचारा. अशा जुलाबाला काउंटरवरून लोपरामाइड देऊ नका. विष आत कोंडून राहतं.